बाबांच्या पायाला बांधलेलं रेशीम

माणसाच्या मनगटाचं हाड मोडतं तेव्हा कसा आवाज येतो, ते मला ठाऊक आहे. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. ते हाड मी मोडलं. ज्याचं मोडलं तो सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर होता आणि त्या घटकेला तो माझ्या बापाचा जीव वाचवायला धडपडत होता. आमच्या घरात आणि गल्लीत ही गोष्ट उलटी सांगतात. म्हणून मी ती सुलटी लिहायला बसले आहे.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लहानपणापासून ऐकत आले. आई म्हणायची, "हे पोट्टी बोलत नाही, चावते." शाळेत एकीचे केस उपटले होते, पुढे नवऱ्याच्या अंगावर ताट फेकून माहेरी परत आले. त्याची लाज मला कधी वाटली नाही. राग म्हणजे आपल्याजवळचं एक हत्यार आहे, गरिबाला दुसरं असतंच काय, असं मी उघड म्हणायची. आता म्हणत नाही.

आम्ही विणकर. बाबांनी चाळीस वर्षं खड्ड्याच्या मागावर रेशीमकाठी लुगडी विणली. पाय खड्ड्यात, कंबर जमिनीच्या पातळीला, आणि दिवसभर पायांखालच्या फळ्या दाबायच्या, एक डावी, एक उजवी. त्यामुळे त्यांच्या पिंढऱ्या दगडासारख्या होत्या आणि हात बाईच्या हातासारखे मऊ. माग बंद पडला, जुन्या वस्तीतल्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा आम्ही हुडकेश्वरला एका प्लॉटवर दोन खोल्या बांधून राहायला आलो. भाऊ वायरिंगची कामं घेतो. मी जवळच्या बेस्यातल्या दुकानांसाठी साड्यांच्या पदरांना रेशमाचे गोंडे करून देते.

तुटलेला धागा सांधायची गाठ बाबांनी मला सात-आठ वर्षांची असताना शिकवली. अंगठ्याच्या नखावर धागा धरायचा, दुसरा त्याच्याखालून घ्यायचा, फिरवायचा, ओढायचा. "गाठ कापडात दिसली नाही पायजे, अन् ओढली तं सुटली नाही पायजे," ते म्हणायचे. भावाच्या गाठी सुटायच्या, माझी एकही नाही. शेवटी मी एक जास्तीचा वेढा घ्यायची. ती माझी खोड होती. बाबा डोळे मिटून ताण्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हे तुही गाठ." मला त्याचा फार गर्व होता. आजही आहे, आणि तेच वाईट आहे.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी ओसरीत गोंडे करत बसले होते. बाबा मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या विटा एकेक करून घरामागे रचत होते. हाक आली नाही. नुसता विटा पडल्याचा आवाज आला. मी गेले तर ते खाली बसलेले, हात घोट्यावर.

"नाग होता," ते म्हणाले. "मोठा होता."

भाऊ फावडं घेऊन धावला. नागाने फणा काढलेला होता. पहिला घाव चुकला, दुसरा बसला, आणि मग भाऊ थांबेचना. आई किंचाळत होती, "नको मारू रे, देवाचा हाय तो, नको मारू!" नागाचे चार तुकडे झाले तरी फावडं विटांवर आपटतच होतं, ठिणग्या उडत होत्या. मला ते बघून बरं वाटलं. आणखी मार, असंच मनात येत होतं.

माझ्या हातात गोंड्याचं रेशीम होतं. मी त्याचे आठ-दहा पदर एकत्र पिळले, बाबांचा पायजमा वर सारला आणि मांडीला, गुडघ्याच्या वर, आवळून बांधलं. माझा पाय बापाच्या मांडीला टेकवून दोन्ही हातांनी ओढलं. विष वर चढू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. आमच्यात साप चावला की बांधतातच. पण बाकीचे लोक दोरी बांधतात, फडकं बांधतात, ते सैल पडतं. मी रेशीम बांधलं. आणि गाठ मारली ती आमची, जास्तीचा वेढा घेऊन.

"जोरात बांधली का?" बाबांनी विचारलं.

"नाही सुटत," मी म्हटलं.

मेलेला नाग पिशवीत घालून, शेजाऱ्याच्या ऑटोत बाबांना आडवं टाकून आम्ही निघालो. चौकातल्या डॉक्टराने एक इंजेक्शन टोचलं आणि हात झटकले, "इथं नाही होत, मोठ्या ठिकाणी न्या." रिंगरोडवरच्या खाजगी दवाखान्यात काचेचं दार, थंड हवा आणि गणपतीची मूर्ती होती, पण सापाचा पेशंट घेत नव्हते. तिथल्या एका सिस्टरने मात्र बाबांच्या पायाकडे बघितलं, पायजमा वर केला आणि ती एकदम म्हणाली, "हे काय बांधलंय? पाय मरेल याने." ती कात्री घेऊन आली. आईने तिचा हात धरला. मी तिला ढकललं. अशी ढकलली की तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि कात्री दूर घरंगळत गेली.

"गाठ सोडली तं इष सरळ काळजात जाईन!" आई ओरडली. आम्हा दोघींची तशी खात्रीच होती. जगात कोणीही ती गाठ सोडायला आला तरी आम्ही त्याला फाडून खाल्लं असतं. ऑटोत परत बसल्यावर मी बाबांचा पायजमा खाली ओढला आणि वरून माझी ओढणी पसरली. बाबा पाय दुखतो म्हणून दात खात होते. आम्हाला वाटलं, विष दुखतंय.

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पोचायला चार वाजून गेले. एका पलंगावर दोन-दोन माणसं, खाली सतरंजीवर तिसरं. एका बाईच्या तोंडातून विषारी औषधाचा वास येत होता आणि दोघं जण तिला धरून नाकात नळी घालत होते, ती लाथा झाडत होती. अपघातातलं एक पोरगं रक्ताने भरलेल्या स्ट्रेचरवर आईच्या नावाने ओरडत होतं. त्या सगळ्यांना मिळून एक डॉक्टर होता, पंचवीस-सव्वीसचा, डोळे लाल, पायांत रबरी चपला, एप्रनवर कोणाची तरी उलटी वाळलेली. त्याने पिशवीतला नाग बघितला, बाबांच्या पापण्या बोटाने वर केल्या, घोट्यावरच्या दातांच्या खुणा बघितल्या.

"काही बांधलं होतं का पायाला?"

"नाही," मी म्हटलं.

"दोरी, रुमाल, काही?"

"नाही ना."

तो सिस्टरला औषध सांगून वळला, परत आला. "ताई, खरं सांगा. बांधलं असेल तर मला आधी तयारी करावी लागते."

"तुमाले एकदा सांगितलं ना!" मी त्याच्यावर खेकसले. त्या नळीवाल्या बाईने तेवढ्यात कोणाला तरी चावलं होतं, तो तिकडे पळाला.

सलाइनमधून सापाचं औषध सुरू झालं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. बाबांच्या पापण्या जड होऊन अर्ध्यावर आल्या होत्या, बोलणं बोबडं झालं होतं, पण श्वास होता. मी मनात म्हणत होते, बरं झालं, गाठ आहे म्हणून एवढ्यावर निभावलं. मग डॉक्टर फेरीला आला. त्याने बाबांचं पाऊल हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. पाऊल थंडगार होतं. नखं जांभळी, पोटरी काळवंडलेली. त्याने कात्रीने पायजमा खालून वरपर्यंत फाडला. मांडी सुजून फुगली होती आणि सुजेच्या घडीत रेशीम इतकं आत रुतलं होतं की नुसती लाल रेघ दिसत होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तीनदा विचारलं मी तुम्हाला. तीनदा! बाप आहे की वैरी आहे हा तुमचा?"

ते वाक्य खरं होतं, म्हणूनच ते मला झोंबलं. सगळ्या वॉर्डने ते ऐकलं.

त्याने सिस्टरला ओरडून सांगितलं, घशातली ट्यूब तयार ठेवा, ऑक्सिजन लावा, वर विचारा व्हेंटिलेटर मोकळं आहे का. मग त्याने कात्रीचं टोक मांडीत खुपसून रेशीम कापलं. आई "नको, नको!" करत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. कापलेला तुकडा खाली पडला. काही मिनिटांतच बाबांची मान एका बाजूला कलंडली, तोंडाला फेस आला, आणि छाती हलायची थांबली.

गाठ कापली आणि बाप मेला. मी एवढंच बघितलं. शेजारी सलाइनचा लोखंडी स्टँड होता, त्याची बाटली रिकामी झालेली. मी तो उचलला. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो बाबांवर वाकलेला होता, वळला, डोक्यावर येणारा दुसरा फटका अडवायला त्याने उजवा हात वर केला. तेव्हा तो आवाज आला.

"मारला! माह्या बापाले मारला यानं!" मी ओरडले, आणि लोकांना तेवढंच पुरे झालं.

भावाने त्याची मानगूट धरून त्याला खाली पाडलं. मग जे आले त्यांचे पेशंटही तिथे नव्हते. कोण कुठला एक माणूस हेल्मेटने मारत होता. एक जण बुटाने. दाराची काच फुटली, इंजेक्शनचा ट्रे उडाला, बाटल्यांच्या काचांवरून लोक धावत होते आणि फरशीवर रक्ताचे पाय उमटत होते. अपघातातल्या पोराच्या बापाने एका वॉर्डबॉयला भिंतीवर दाबून विनाकारण थोबाडलं. गार्ड आले ते आंधळ्यासारखे दंडे चालवत. एक दंडा भावाच्या कानावर बसला, त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं. आई पलंगाखाली शिरली होती. मी स्टँड हातात धरून उभीच होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती किंवा दुःख काही वाटत नव्हतं. बरं वाटत होतं. नाग मरताना वाटलं होतं तसंच.

डॉक्टर लोकांच्या पायांतून बाहेर आला. ओठ फाटलेला, उजवा हात पोटाशी धरलेला, पंजा भलत्याच बाजूला लोंबत होता. मला वाटलं, पळतोय. तो बाबांच्या पलंगाकडे सरपटत येत होता. सिस्टरने बाबांच्या तोंडावर मास्क बसवून तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि मास्कला लावलेला रबरी फुगा तसाच लोंबत होता. डॉक्टरने पलंगाची कड धरून स्वतःला वर ओढलं आणि डाव्या हाताने फुगा दाबला. बाबांची छाती वर आली. दुसऱ्यांदा दाबायला गेला तर त्याचा तोलच गेला.

"मेला नाही तुमचा बाप," तो म्हणाला. तोंडातलं रक्त माझ्या पायावर उडालं. "श्वास थांबलाय. हे दाबा. टाका ते खाली आणि हे दाबा!"

मी स्टँड टाकला आणि फुगा धरला.

"दाबा. सोडा. दाबा. घाई नको, सोडा. दाबा."

तो जमिनीवर बसून, पलंगाच्या पायाला टेकून मोजत होता, आणि मी त्याच्या आवाजावर बापाला श्वास देत होते. मागावर बसल्यावर असाच ताल असतो. ताल चुकला नाही. वरून दुसरी डॉक्टरीण आली, तिने घशात नळी घातली, फुगा त्या नळीला जोडला आणि परत माझ्याच हातात दिला. व्हेंटिलेटर मोकळं नव्हतं. सरकारी दवाखान्यात नातेवाईकच दाबतात, हे मला त्या दिवशी कळलं. आजूबाजूला आणखी दोघी जणी आपापल्या माणसांचे फुगे दाबत बसल्या होत्या.

पोलीस आले तेव्हा मी दाबतच होते. कोणी मारलं, असं हवालदाराने विचारलं. डॉक्टरला स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. त्याने डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "यांनी."

हवालदाराला पटेना. "हे बाई?"

"म्या मारलं," भाऊ मध्येच म्हणाला. कानातून रक्त वाहत होतं त्याच्या.

"नाही," डॉक्टर म्हणाला. "यांनी."

तो देवमाणूस वगैरे नव्हता. माझ्याकडे बघणारे त्याचे डोळे द्वेषाने भरलेले होते, आणि ते बरोबरच होतं. हवालदार माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसला, कारण मला उठवलं असतं तर फुगा कोण दाबणार? दिवस मावळायच्या सुमाराला कोणीतरी वारलं आणि एक व्हेंटिलेटर मोकळं झालं. मग मला नेलं. उठताना पलंगाखाली पडलेला रेशमाचा तुकडा मी उचलला आणि ओढणीच्या टोकाला बांधला. काहून उचलला, ते मला सांगता येणार नाही.

मी जामिनावर सुटून दवाखान्यात परत आले तेव्हा शिकाऊ डॉक्टरांनी मारहाणीच्या निषेधात काम बंद केलं होतं. फाटकावर गर्दी. उमरेडकडची एक म्हातारी पोटाला हात लावून पायरीवर बसली होती, ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून. "ज्यानं डाक्टरले मारलं त्याचे हात झडो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मलाही सांगितलं. "हो मावशी," असं म्हणून मी आत गेले.

बाबांचे डोळे तिसऱ्या दिवशी उघडले. चौथ्या दिवशी पाय कापला, मांडीच्या मध्यावर, गाठ होती त्याच्या जरा वर. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "विषाने नाही गेला पाय. रक्त अडल्याने गेला. एवढं घट्ट कोणी बांधलं होतं?" आई माझ्याकडे बघत होती. जिन्यात तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. "बाबाले सांगू नको. इषानं गेला म्हनजो."

पण विषावर कोणी थांबलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण डॉक्टरलाच शिव्या देत होता. गाठ कापली नसती तर पाय वाचला असता, असं आमच्या घरात ठरूनच गेलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बाबा खाटेवर उरलेल्या मांडीवर हात ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "त्या हरामखोरानं माहा पाय खाल्ला." मी ऐकून घ्यायची. महिनोनमहिने ऐकून घेतलं. त्यांना जेवायला वाढलं, संडासला नेलं, कुबड्या शिकवल्या, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. एवढी रागाची मी, पण खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली.

केस सुरू झाली. तीन तारखा झाल्या. माझ्या वकिलाला बाबांची साक्ष हवी होती. कापलेला पाय घेऊन म्हातारा कठड्यात उभा राहिला, की डॉक्टरच्या हलगर्जीपणानेच सगळं झालं असं दिसेल आणि मला शिक्षा कमी होईल, असा वकिलाचा हिशेब. बाबा एका पायावर तयार होते. "मी सांगतो कोर्टात. माह्या पोरीचा काही गुन्हा नाही." त्यांनी धुतलेलं धोतर, टोपी काढून ठेवली.

आज सकाळी, तारखेच्या दोन दिवस आधी, मी ट्रंकेतून तो रेशमाचा तुकडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. रक्त वाळून तो काळा झाला होता. बाबांची नजर आता कमी झाली आहे. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाहीच. अंगठा फिरवला. गाठीपाशी थांबले. परत फिरवला.

"हे तं तुही गाठ," ते म्हणाले. चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"हो."

"काहाची आहे?"

"तुमच्या पायाची, बाबा."

त्यांना सगळं सांगितलं. रिंगरोडवरची सिस्टर, ओढणी, डॉक्टरचं तीनदा विचारणं, माझं तीनदा खोटं बोलणं, मोठे डॉक्टर काय म्हणाले ते. आई दारात उभी राहून ऐकत होती, तिने तोंडात पदर कोंबला होता. बाबांनी तुकड्याची दोन्ही टोकं धरली आणि हिसका दिला. एकदा, दोनदा. मानेच्या शिरा ताठ झाल्या. गाठ सुटली नाही. मला वाटलं, आता ते मला मारतील. मारावं, असं फार वाटत होतं. मी गाल पुढे करूनच बसले होते.

"पक्की मारली वं," ते म्हणाले. "म्याच शिकवली."

बराच वेळ ते त्या तुकड्यावर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढून परत ट्रंकेत ठेवायला सांगितली. साक्ष द्यायची नाही, हे बोलायची गरजच राहिली नाही.

"त्या डाक्टरचा हात बरा झाला का?"

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता. मी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात तीनदा पाहिलं आहे, दहा पावलांवरून. दरवेळी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"मले नाही माहीत, बाबा."

"सुया-कात्रीचं काम असते त्याचं. हातावरच असते सगळं." त्यांनी स्वतःची मऊ बोटं उघडझाप करून बघितली. "तारखेले जाशीन तं विचारजो."

तारीख परवा आहे.